तिसरी हाक

महादू सारंगाने खारवलीच्या खाडीवर पहिली तर, म्हणजे माणसे पैलतीरी नेणारी होडी, सुरू केली. त्याच्या मुलाने, राघोने, त्या तरीला शीड चढवले आणि तिचा नियम घालून दिला. राघोचा मुलगा गंगाराम त्याच तरीसकट एकदा खाडीच्या मुखाशी, बाऱ्यावर, उलटला आणि तरीही पुढे म्हातारा होऊन, स्वतःच्या खाटेवर, सुनांच्या स्वयंपाकाला नावे ठेवीत मेला. या गंगारामाची थोरली मुलगी द्वारका. तिच्या पाठीवर मुलगे झाले. पण वल्हे धरायला त्यांतला एकही लायक निघाला नाही, असे तिचे स्पष्ट मत होते, आणि ते ती भावांना त्यांच्या बायकांसमक्ष ऐकवत असे. खाडीवर पूल होईपर्यंत ती तर तिनेच चालवली.

राघोचा नियम साधा होता. तीन हाका दिल्याशिवाय होडी काठ सोडणार नाही. पहिल्या हाकेला माणूस घरातूनच सांगतो, आज नाही, उद्या बघू. दुसऱ्या हाकेला तो उंबऱ्यात येऊन पाण्याचा रंग पाहतो. आणि खरोखर जायचे असेल तर तिसऱ्या हाकेला पिशवी काखेत मारून उताराने पळत सुटतो. खारवलीची घरेही याच नियमाने चालत. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचे, यजमानाने तिसऱ्यांदा ताट पुढे सरकवायचे, मग पाहुण्याने नाइलाज झाल्यासारखे पाटावर बसून भरपेट जेवायचे. एकदाच विचारून ताट उचलणे म्हणजे पाहुण्याला वेशीबाहेर काढणे, एवढे तिथल्या पोरासोरांनाही कळे.

गंगाराम बाऱ्यावर उलटला त्या दिवशी पैलाडच्या मोहल्ल्यातल्या याकूब होडेकराने आपली होडी केव्हाच वर ओढून घेतली होती. वारा तसा होता. तरी तो पुन्हा पाण्यात शिरला, गंगारामाला केसांना धरून बाहेर काढले आणि पालथा घालून त्याच्या पोटातली अर्धी खाडी रिकामी केली. पुढे गंगाराम तरीचा अर्धा हिस्सा द्यायला त्याच्या दारी गेला. याकूबने दोनदा नको म्हटले, ते रीतीला धरून होते. तिसऱ्यांदाही तो नकोच म्हणाला. "जीव दिलाय. त्याच्या बदल्यात लाकूड कसं घेऊ? माझ्या घरातल्या कोणाच्या जिवावर बेतेल तेव्हा ये." असे म्हणून त्याने चहा पाजला. देणे तसेच राहिले.

द्वारका त्याच्या पुढच्या वर्षी जन्मली. याकूबची मुलगी जैबुन्निसा तिच्याच वयाची. दोघी एकाच पाण्याच्या दोन काठांवर वाढल्या, एकमेकींच्या लग्नांत राबल्या, एकमेकींना नवरे गेल्यावर धरून बसल्या, आणि उरलेला सगळा वेळ भांडल्या. कोलंबीचा वाटा असो की चिंचेचे बोटुक, भांडणाच्या शेवटी जैबून ठेवणीतला बाण काढीच. "माझा बाप पाण्यात शिरला नसता तर तू कुठे असतीस गो?" या वाक्याला द्वारकाबाईंकडे आयुष्यभर उत्तर नव्हते, आणि उत्तर नसण्याची त्यांना सवय नव्हती.

पूल झाला, द्वारकाबाईंची तर बंद पडली. मग हळूहळू बाकीचेही बंद पडत गेले. आधी टपाल कचेरीची खिडकी, मग बँकेतला तो खाकरणारा कारकून, मग दवाखान्यातला नाव लिहून घेणारा माणूस. सगळे काही आंतरजालावर गेले. गावात आलेला एक अधिकारी म्हणाला की सरकार आता लोकांच्या खिशात आले आहे. द्वारकाबाईंनी त्याला विचारले की खिसे बायकांच्या लुगड्यांना असतात असे त्याला कोणी सांगितले. तो हसला. हसून निघून जाणे ही त्या पिढीतल्या अधिकाऱ्यांची मुख्य विद्या होती.

मोतीबिंदू झालेल्यांना पडदा दिसेना. ज्यांना दिसे त्यांना वाचता येईना. ज्यांना वाचता येई त्यांची सुकलेली बोटे काचेला ओळखू येईनात. तेव्हा शहाण्या माणसांनी, स्वतःच बंद केलेली खिडकी पुन्हा उघडण्याऐवजी, भिंतीतून आरपार जाण्याचे यंत्र शोधले. त्याचे नाव कंठी.

ती घेऊन पुण्याच्या एका संस्थेची शाल्मली देवधर नावाची मुलगी आली. चुणचुणीत, नम्र, आणि प्रत्येक वाक्य लहान मुलाशी बोलावे तसे सावकाश बोलणारी. शाळेच्या पडवीत सगळ्या म्हाताऱ्यांना जमवून तिने समजावले. माणूस मनातल्या मनात शब्द जुळवतो तेव्हाही त्याच्या गळ्याचे स्नायू अगदी किंचित हलतात. ओठ मिटलेले असले तरी. त्या हालचालीतून त्वचेवर विजेची बारीक थरथर उमटते. कंठीतल्या पातळ पट्ट्या ती थरथर टिपतात आणि हजारो लोकांच्या गळ्यांवरून शिकलेले यंत्र तिचे शब्द करते. उत्तर कानामागच्या हाडातून आत ऐकू येते. वाचायला नको, लिहायला नको, बोटे नकोत, आवाजसुद्धा नको. शिवाय गळ्याच्या मोठ्या रक्तवाहिनीतून हृदयाची चाहूल येते. ती कंठी रात्रंदिवस ऐकत राहते.

शाल्मलीने एका म्हाताऱ्याच्या गळ्यात कंठी अडकवली आणि मनात काहीही म्हणा असे सांगितले. कंठी तिच्या हातातल्या डबीतून स्वच्छ आवाजात म्हणाली, "पोरगी गोरी आहे, पण भूक लागली." पडवी हसून लोळली. द्वारकाबाई हसल्या नाहीत.

"मुली, माणसाला तोंड कशासाठी दिलंय?" त्यांनी विचारले.

"बोलायला, आजी."

"नव्हे. मनात आलेलं सगळं बाहेर पडू नये म्हणून. तो दरवाजा आहे. तुम्ही दरवाजाला वळसा घालून मागच्या भिंतीला भोक पाडलंत आणि वर आम्हालाच सांगताय की घर हवेशीर झालं."

शाल्मली हसली, पण निघून गेली नाही, हे द्वारकाबाईंनी नोंदवून ठेवले. यंत्र दोन कंठींमध्ये थेट जोडही देते, असे ती पुढे सांगत राहिली. मग एकेकाला विचारत ती त्यांच्यापाशी आली. "आजी, तुम्हाला देऊ का?"

"नको," द्वारकाबाई म्हणाल्या.

मुलीने मान डोलावली, डबी मिटली आणि शेजारच्या बाईला विचारले.

द्वारकाबाई ताठ बसून राहिल्या. कंठी त्यांना हवी होती असे नाही. पण त्यांना दुसऱ्यांदा विचारले गेले नव्हते. शहात्तर वर्षांत असा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता, आणि जिने केला तिला तो केल्याचा पत्ताही नव्हता.

जैबूनने कंठी घेतली. तिच्या मोहल्ल्यात वाटप दुसऱ्या दिवशी झाले, आणि तिथे वाटणारा मुलगा गावच्याच वळणाचा असल्यामुळे त्याने ती विचारत न बसता सरळ गळ्यात घातली. दर शुक्रवारी ती पुलावरून रिक्षाने येई आणि दोघी जुन्या धक्क्यावर, पाण्यात पाय सोडून बसत. आता तिच्या बोलण्यात कंठीचे कौतुक सुरू झाले. बहारीनच्या मुलाशी रोज बोलणे होते. वारस-दाखला घरबसल्या मिळाला. दिव्याचे बिल आपोआप भरले जाते. मधेच ती गप्प होई, ओठ न हलवता कोणाशी तरी बोले आणि स्वतःशीच हसे. द्वारकाबाईंना ते दृश्य पाहवत नसे. एवढी मोठी बाई, याकूब होडेकराची मुलगी, गळ्यात पट्टा बांधून घेऊन खुशीत शेपूट हलवते आहे, असे त्या म्हणाल्या. जैबून म्हणाली, "जळतेस."

वैशाखात एका शुक्रवारी जैबून धक्क्याच्या पायऱ्या उतरताना मधेच थांबली. कठड्याला धरून तिने श्वास घेतला. ओठ काळसर झाले होते. द्वारकाबाईंनी काही विचारले नाही, नुसते पाहिले. तेवढ्याने जैबून आपण होऊन बोलू लागली. हृदयाची एक झडप आकसली आहे, असे कंठीने शिमग्याआधीच सांगितले होते. गळ्यातून तिला तो खरखरीत आवाज ऐकू येतो म्हणे. जांघेतल्या शिरेतून नवी झडप नेऊन बसवतात, छाती फाडत नाहीत. पावसाळ्यापूर्वी आरोग्यनौका बाऱ्याबाहेर येऊन थांबते, तिच्यावर ते काम होते. नाव घालू का, असे कंठीने विचारले होते.

"मग?"

"मग काय. नको म्हटलं."

"आणि पुढे?"

जैबून पाण्याकडे पाहत म्हणाली, "मेलीनं परत विचारलंच नाही."

द्वारकाबाईंना आधी हसू आले. यंत्राच्या हातून झालेली ती चूक त्यांना इतकी ओळखीची होती, की क्षणभर त्यांना त्या पडवीतला स्वतःचा अपमान सूड घेऊन परत आल्यासारखा वाटला. मग जैबूनचे ओठ त्यांना पुन्हा दिसले आणि हसू जिथल्या तिथे थांबले.

त्यांनी आग्रह सुरू केला. आग्रह ही त्यांच्या हातची गोष्ट होती. त्या जोरावर त्यांनी रुसलेले व्याही जेवायला बसवले होते. नाव घाल, आत्ता घाल, माझ्यासमोर घाल, असा त्यांनी धोशा लावला. जैबून दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा वैतागून "बरं बाई, घालते" म्हणाली आणि डोळे मिटून गळ्यातल्या गळ्यात बोलली. मग तिने डोळे उघडले. चेहरा विचित्र झाला होता.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुमच्या शेजारची व्यक्ती तुमच्यावर दडपण आणत आहे. तुमचा मूळ नकार सुरक्षित ठेवला आहे. घाबरू नका, मदत येत आहे."

मदत दोन दिवसांनी आली. ती शाल्मली देवधर होती, आणि दडपण आणणाऱ्या संशयित व्यक्तीचा जबाब घ्यायला ती सारंगांच्या घरी, ऐन दुपारी, पुण्याहून थेट गाडी हाकत येऊन पोचली.

द्वारकाबाईंनी तिला झोपाळ्यावर बसवले आणि नियम काय आहे ते शांतपणे विचारून घेतले. मुलीने सांगितले. पूर्वी दलाल म्हाताऱ्यांना गाठत, आजूबाजूला बसून त्यांच्याकडून होकार वदवून घेत आणि जमिनी, पेन्शनी लुबाडत. म्हणून कंठी आसपासचे आवाज ऐकते. नको म्हटलेल्या माणसाला कोणी आग्रह करत असेल आणि त्यानंतर तो हो म्हणाला, तर तो होकार खरा धरत नाही. नकार वर्षभर पक्का राहतो. आणि स्वतः कंठीने एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा विचारायचे नाही, हे संस्थेचे मूलतत्त्व आहे. ज्येष्ठांच्या शब्दाचा मान.

"आणि या मानाचा फायदा किती म्हाताऱ्यांना झाला?"

शाल्मली किंचित गोंधळली. संस्थेच्या अहवालाप्रमाणे, ती म्हणाली, किनारपट्टीचे ज्येष्ठ नागरिक फारच समाधानी आहेत. कोणतीही सेवा देऊ केली तरी बहुतेक जण नको म्हणतात. त्यांच्या गरजा कमी असतात, असा निष्कर्ष आहे.

द्वारकाबाई उठल्या आणि सुनेला पाने घ्यायला सांगितले. माशाच्या तिखल्याची आमटी होती, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. सगळ्या ओटीवर वास दरवळला. मुलगी सकाळपासून गाडीत होती, हे तिच्या तोंडावर लिहिलेले होते.

"जेवतेस?" द्वारकाबाईंनी विचारले.

"नको आजी, कशाला उगीच त्रास," शाल्मली म्हणाली.

द्वारकाबाईंनी मान डोलावली. तिच्यासाठी मांडलेले पान त्यांनी उचलून आत पाठवले, स्वतःच्या पानावर बसल्या आणि जेवू लागल्या. सून दारात थिजली होती. या घरात असे कधी घडले नव्हते. द्वारकाबाईंनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, चवीने खाल्ली. मासा नीट काटे काढून खाल्ला. दुसरी भाकरी घेतली. झोपाळ्यावरची मुलगी आधी हसरी होती, मग अवघडली, मग भिंतीवरच्या फोटोंकडे पाहू लागली. सोलकढीचा पेला द्वारकाबाईंनी उचलला तेव्हा तिने आवंढा गिळला, आणि तो ऐकू आला.

"तुझ्या शब्दाचा मान ठेवला," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुझ्या गरजा कमी असतात, असा माझा निष्कर्ष आहे."

मुलीने झोपाळा पायाने थांबवला.

"भूक होती," शाल्मली अखेर म्हणाली.

"ते तुझ्या गळ्यात कंठी असती तर तिला कळलं असतं?"

मुलीने विचार केला. तो प्रामाणिक विचार होता, आणि म्हणूनच द्वारकाबाईंनी तिला पुरता वेळ दिला. "नाही," ती म्हणाली. "मी तोंडानं नको म्हणायच्या आधी मनातही नकोच म्हटलं होतं. गळ्यात तोच शब्द तयार झाला असता. आम्ही गळ्यातला शब्द पकडतो, आजी. त्याच्या खालचं काही पकडता येत नाही."

"पुण्यात तुझ्या घरी आजी नव्हती?"

"होती. दोनदा नको म्हणायचं, तिनंच शिकवलं." मुलगी आता लाल झाली होती. "आम्ही शिकवलेल्या यंत्राला ते कोणीच शिकवलं नाही."

"एवढी सगळी शिकलेली माणसं खोलीत बसली, एकमेकांना चहा विचारला असेल, प्रत्येकानं आधी नको म्हणून मग घेतला असेल, आणि त्याच चहाचे पेले हातात धरून तुम्ही ठरवलंत की म्हातारा नको म्हणाला की विषय संपला." द्वारकाबाईंनी हात धुतला. "आता जेव. हे तिसऱ्यांदा विचारलं असं समज. दुसरं मी गिळलं."

शाल्मली जेवली. शेवटी तिने स्वतःहून भाकरी मागून घेतली.

नियम बदलायला समिती लागते आणि समितीला दिवाळी लागेल, असे तिने हात पुसत सांगितले. नौका तर पौर्णिमेच्या भरतीला निघणार होती. पण एक वाट होती. यंत्राने पुन्हा विचारायला मनाई होती. एका कंठीधारकाने दुसऱ्याला हाक मारायला नव्हती. ज्याचा गळा यंत्राला वाचता येतो त्याच्या मनात काळेबेरे असले तर ते गळ्यात उमटून पकडले जाते, म्हणून अशा माणसाच्या बोलण्याला ते दडपण धरत नाही. एखाद्या गावापुरता प्रयोग म्हणून तीन हाकांची परवानगी ती स्वतःच्या अधिकारात देऊ शकत होती. तीनच. तिसऱ्या हाकेलाही नकार आला तर तो वर्षभरासाठी पक्का.

"म्हणजे मी तो पट्टा बांधायचा," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हो. आणि तुमच्या गळ्यात जे उमटेल ते थेट त्यांच्या कानात जाईल. गाळून नाही जाणार." शाल्मलीने डबी उघडली. "आजी, घालू?"

"नको."

"आजी, घालू ना?"

"नको म्हटलं ना."

शाल्मलीने डबी त्यांच्या मांडीवर ठेवली. ती त्यांच्या पायाशी खाली बसली. "घाला, आजी," ती म्हणाली.

"शिकलीस," द्वारकाबाई म्हणाल्या आणि मान पुढे केली.

पौर्णिमेच्या दुपारी बाऱ्याबाहेर नौका पांढरी दिसत होती. भरती चढत होती. ती पुरी झाली की नौका नांगर उचलणार होती, आणि तोवर नौकेची लाँच मोहल्ल्याच्या काठाला लागून राहणार होती. द्वारकाबाई जुन्या धक्क्यावर उभ्या राहिल्या. पैलतीरावर जैबूनच्या घराचे कौल दिसत होते; ओटीवर बसलेला पांढरा ठिपका म्हणजे ती. शाल्मली मागे, दूर उभी होती.

कंठी गळ्याला गार लागत होती. द्वारकाबाईंनी तिची मुळीच पर्वा न करता तरीवरून देत तशी पोटातून हाक दिली. "जैबून, ये गो! होडी निघाली!" खाडीवर तो आवाज जेमतेम अर्ध्यापर्यंत गेला असेल. वयाने तेवढे नेले होते. पण कानामागच्या हाडात उत्तर लगेच आले, जैबून शेजारी बसल्यासारखे.

"बोंबलू नको. ऐकू येतंय. पट्टा बांधलास तर शेवटी."

"बांधला. चल."

"नको. माझं काय राहिलंय आता. त्या बोटीत आपल्यासारख्यांना कोण विचारतंय."

ही पहिली झाली. पहिलीला नकोच यायचे, त्याचे काही वाटून घेण्याचे कारण नव्हते. द्वारकाबाईंनी पाण्याच्या वाढत्या रेषेकडे पाहिले आणि दुसरी हाक समजावणीची दिली. झडप शिरेतून नेतात, छाती फाडत नाहीत. मुलाचा विचार कर. मी येते सोबत. जैबून ऐकत होती. ती ओटीवरून उठून अंगणात आली, हे इथून दिसले. मग ती थांबली.

"द्वारके, तू का एवढी घायकुतीला आलीस ते मला कळत नाही असं वाटतं तुला?" तिच्या आवाजात धाप होती आणि जुनी धार होती. "मी त्या बोटीत चढले तर तुझ्या बापाचं देणं फिटेल. सारंगांची मान मोकळी होईल. मग मी तुला काय ऐकवू गो? माझ्या बापानं ठेवलेली तेवढीच एक मिळकत आहे माझ्याकडे. नाही येत मी."

दुसरी संपली.

तिसरी हाक कशी द्यायची हे द्वारकाबाईंना ठाऊक नव्हते. हुकूम करता येत होता. तो याकूबच्या मुलीवर चालणार नव्हता. टोमणा मारता आला असता. त्याने ती घरात जाऊन कडी लावती. उरली विनवणी. सारंगांच्या घराण्यात ती कोणाला येत नव्हती, आणि द्वारकाबाईंनी तर आयुष्यभर विनवणाऱ्या माणसांची कीवसुद्धा न करता नुसती किळस केली होती. त्यांनी ओठ घट्ट आवळले. दरवाजा बंद केला. काही बोलायचे नाही असे ठरवून त्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पण भिंतीला भोक होते.

आवळलेल्या ओठांमागे गळ्यात शब्द जुळत होते, कोणी न विचारता, नेहमी जुळतात तसे. आणि कंठी ते एकेक करून पैलतीरी नेत होती. तू गेलीस तर शुक्रवारी मी इथे कोणाची वाट बघू. माझ्याशी भांडायची कोणाची छाती आहे आता. सुना घाबरतात, नातवंडं हसून निघून जातात. देणं राहू दे, मला नाही फेडायचं, तू रोज ऐकव, शंभर वर्षं ऐकव. तुझा बाप शिरला होता ना पाण्यात, मग मला शिरता का येत नाही. जैबून, भीती वाटते मला. ये गो. ये.

त्यांना हे कळले तेव्हा हात गळ्याकडे गेला होता. पण पट्टा ओढून काढण्याऐवजी तो तिथेच थांबला. शाल्मलीला काही ऐकू गेले नव्हते. तिला दिसत होती ती फक्त एक म्हातारी बाई, तोंड मिटून, भाल्यासारखी ताठ.

मग कानामागे एक नाक ओढल्याचा आवाज आला.

"पिशवी घेते," जैबून म्हणाली. "लाँच थांबव. आणि तू येणार म्हणालीस, तर वेणी घालून ये. तिथले डॉक्टर मला विचारतील ही कोण भुतीण."

लाँच जैबूनला घेऊन मोहल्ल्याच्या काठावरून सुटली आणि धक्क्याला लागली. शाल्मलीने हात पुढे केला. द्वारकाबाईंनी तो झिडकारला आणि स्वतःच चढल्या. जैबूनशेजारी बसताना दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही. बाऱ्यावर पाणी उसळले, लाँच एकदा तिरकी झाली, आणि जिथे गंगाराम बुडत होता त्या लाटांवरून याकूबची मुलगी गंगारामाच्या मुलीचा हात करकचून धरून पलीकडे गेली.

झडप बसली. नौकेवर कंठीने स्वतःहून कळवले की खरखर थांबली आहे. दिवाळीनंतर संस्थेने किनाऱ्यावरच्या सगळ्या कंठींना तीनदा विचारायला शिकवले, त्याला 'त्रिस्तरीय संमती' असे भारदस्त नाव दिले आणि परदेशात जाऊन बक्षीस घेतले. समाधानी म्हाताऱ्यांचे प्रमाण एका महिन्यात कोसळले, याचे संशोधकांना फार आश्चर्य वाटले म्हणे. शाल्मलीने ते बक्षीस घ्यायला जायचे नाकारले, एकदाच विचारल्यावर. द्वारकाबाईंनी आपली कंठी खुंटीला टांगली; गरज लागली तर सापडावी एवढ्यापुरती.

पण ते पुढचे. नौकेवरून परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी जैबून धक्क्याच्या पायऱ्या न थांबता उतरून आली आणि पाण्यात पाय सोडून बसली. ओठ चांगले लाल होते. पान खाल्ले होते.

"म्हण," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय म्हणू?"

"ठाऊक आहे तुला. फिटलं म्हण."

"नाही म्हणत," जैबून म्हणाली आणि पिंक टाकली.

खाडीत ओहोटी लागली होती. पुलावरून गाड्या जात होत्या, त्यांच्यातल्या कोणालाही खाली पाहायची सवड नव्हती.

"जैबून, म्हण की गो."

"वेड लागलंय. एवढ्यात नाही."

द्वारकाबाई तिच्याकडे वळल्या. या वेळी गळ्यात कंठी नव्हती. जे मनात होते ते त्यांनी तोंडानेच सांगितले. "म्हण, जैबून."

जैबूनने त्यांच्याकडे पाहिले. मग खाडीकडे, बाऱ्याकडे, आणि बराच वेळ आपल्या बापाच्या काठाकडे.

"फिटलं," ती म्हणाली. "सगळं फिटलं."